जुनं डॅन वेसन 15-2 घेताना: नळ्या, नट आणि सहा थाऊची फट

नळी बदलता येणारं जुनं रिव्हॉल्व्हर शोधायला निघालात, तर अमेरिकेतल्या वापरलेल्या बंदुकांच्या बाजारात शेवटी डॅन वेसन कंपनीच्या मालापाशीच येऊन थांबावं लागतं. दुसऱ्या कुणी हा प्रकार केलाच नाही असं नाही. पण परवडणाऱ्या किमतीत, हाताने आणि एका छोट्या पान्याने दहा मिनिटांत नळी बदलून परत नेमबाजीला उभं राहता येईल असं रिव्हॉल्व्हर एवढ्या संख्येने दुसऱ्या कुणी विकलं नाही. इथे मुख्यतः मॉडेल 15-2 चा विचार केला आहे. सहा गोळ्यांचं, .357 मॅग्नम, मागची साइट फिरवून जुळवता येणारी, काळ्या-निळ्या ब्लूइंगचं. याचंच स्टेनलेस रूप म्हणजे 715. जुन्या बाजारात सगळ्यात जास्त हीच दोन सापडतात, आणि नळ्याही यांच्याच सहज मिळतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण त्यापायी लोकांचे पैसे जातात. नळी बदलते म्हणजे लांबी बदलते, कॅलिबर बदलत नाही. 22, 32 आणि 357 च्या छोट्या फ्रेमच्या नळ्यांचे आटे एकमेकांत बसतात, म्हणून काही विक्रेते ‘एकाच फ्रेमवर सगळं चालतं’ असं बेधडक सांगतात. चालत नाही. सिलिंडर त्या त्या फ्रेमला बसवलेला असतो, .22 ला तर फायरिंग पिनचा मारच काडतुसाच्या कडेवर पडावा लागतो. .357 च्या सिलिंडरसमोर .22 ची नळी बसवून चाप ओढला तर काय होईल, हे सांगायला नको. नळीवर कोरलेलं कॅलिबर वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

कारखान्याची थोडी पार्श्वभूमी ठाऊक असावी, कारण किंमत तिच्यावर ठरते. डॅन वेसन हे स्मिथ अँड वेसनच्या संस्थापक वेसनचे पणतू. घरच्या कंपनीत बरीच वर्षं काढून 1968 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मॉन्सन गावात त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. बदलत्या नळीची रचना कार्ल लुइस यांची. 1978 मध्ये डॅन वेसन वारले, पुढे मालक बदलले, कारखाना शेजारच्या पामर गावी गेला, मग दिवाळं निघालं. 1996 नंतर न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्विचला नवा संसार मांडला गेला आणि 2005 मध्ये सीझेड-यूएसएने नाव विकत घेतलं. आज त्या नावाने ओळखली जातात ती मुख्यतः 1911 पद्धतीची पिस्तुलं. 715 हे रिव्हॉल्व्हरही मध्यंतरी एकदा परत काढलं होतं. फ्रेमवर ‘मॉन्सन’ कोरलेलं असेल तर जाणकार डोळे झाकून जास्त पैसे देतात. डोळे झाकून देऊ नयेत, पण कल बरोबर आहे. पामरच्या काळातल्या मालाचा दर्जा एकसारखा नाही, चांगलं रिव्हॉल्व्हर खूप चांगलं निघतं आणि ढिसाळ तितकंच ढिसाळ. नॉर्विचचा माल नीट बनवलेला आहे, फक्त कमी सापडतो.

आता रचना. साध्या रिव्हॉल्व्हरची नळी फ्रेममध्ये पिळून बसवलेली असते, पुढचं टोक मोकळं. इथे नळी म्हणजे एक बारीक सरळ नळकांडं, दोन्ही टोकांना आटे. मागचं टोक फ्रेममध्ये हाताने फिरवायचं, वरून खोळ चढवायची (हिलाच सगळे श्राउड म्हणतात) आणि तोंडाशी नट आवळायचा. नट आवळला की नळी ताणली जाते, दोन्ही टोकांनी धरलेली राहते. अचूकतेचं जे नाव आहे ते या ताणामुळे. खोळीचे प्रकार चार: साधी, V म्हणजे वरच्या पट्टीला खिडक्या असलेली, H म्हणजे जड, आणि VH म्हणजे दोन्ही. 15-2VH6 असं लिहिलेलं दिसलं की सहा इंची, जड, खिडक्यांची खोळ समजावी. लांब्या 2.5 इंचापासून 4, 6, 8, 10, 12 आणि 15 पर्यंत. खोळ आणि नळी एकाच लांबीची लागते, हे लक्षात न ठेवता नुसती स्वस्त नळी घेणारे पुढे सहा महिने खोळ शोधत बसतात.

दुसरं वेगळेपण सिलिंडरच्या कडीत. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरला ती मागे असते, इथे ती सिलिंडरच्या पुढे, क्रेनवर (सिलिंडर ज्या हातावर बाहेर झुलतो तो भाग). अंगठ्याने खाली दाबून सिलिंडर बाहेर काढायचा. म्हणजे कुलूप नळीच्या अगदी जवळ लागतं आणि सिलिंडर नळीसमोर घट्ट सरळ राहतो. तोटा असा की एका हाताने उघडता येत नाही, सवय व्हायला वेळ लागतो. झटपट भरण्याच्या स्पर्धेला हे रिव्हॉल्व्हर नाहीच.

दुकानात हातात घेतल्यावर

रिकामं आहे याची खात्री स्वतः करा, सिलिंडर उघडून सहाही खाने बोट फिरवून बघा. मग नट बघा. सगळ्यात आधी. नटाला पान्याचे दोन खाचे असतात. ते खाचे चकचकीत घासलेले, कडा वळलेल्या, किंवा नळीच्या तोंडाला पक्कडीचे ओरखडे असले तर समजावं की मागच्या मालकाकडे मूळ पाना नव्हता. नट नवीन मिळतो, पण तोंडाच्या कडेला लागलेला घाव अचूकता घालवतो. अशा वेळी त्या नळीची किंमत शून्य धरून भाव करा.

मग टायमिंग. एका हाताच्या अंगठ्याने सिलिंडरला हलकासा विरोध करत दुसऱ्या हाताने घोडा (हॅमर) अगदी सावकाश मागे ओढा. सिलिंडरच्या खाचेत बोल्ट (सिलिंडरला जागेवर अडकवणारी खुंटी) ‘टक’ करून बसला पाहिजे, आणि तो घोडा पूर्ण मागे अडकायच्या आधी. हे सहाही खान्यांना. एखाद्या खान्यावर मागे पडत असेल, तर लगेच नाकारू नका. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये बहुतेक वेळा आतलं तेल वाळून डिंकासारखं झालेलं असतं आणि साफसफाईने निम्मे आजार पळतात. सहाही मागे पडत असतील तर मात्र सिलिंडर फिरवणारा ‘हँड’ किंवा सिलिंडरच्या मागची दातेरी चांदणी झिजली आहे, ते गनस्मिथचं काम. घोडा चढवलेला असताना मागून अंगठ्याने दाब द्या, तो सुटता कामा नये. सुटला तर सिअरवर (घोड्याला अडवून धरणारा भाग) कुणीतरी कानस चालवली आहे. तिथून परत फिरा.

सिलिंडर पुढे-मागे हलवून बघा. हा प्ले मोजता येतो आणि मोजावाच. सिलिंडर मागे दाबून नळी आणि सिलिंडरमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीने) बघायची, मग पुढे दाबून बघायची, फरक म्हणजे प्ले. दोन-तीन थाऊपर्यंत चालतं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). पाच-सहा थाऊ असेल तर शिम (पातळ चकत्या) घालून घ्यावे लागतील. तो खर्च धरा. हा आकडा पुढे नळी बसवताना परत लागणार आहे. डाव्या-उजव्या बाजूला थोडंसं डुलणं ठीक आहे, पण चाप मागे दाबून धरल्यावरही सिलिंडर खडखडत असेल तर बोल्टच्या खाचा झिजल्या आहेत, आणि ती दुरुस्ती रिव्हॉल्व्हरच्या किमतीशी बरोबरी करते.

टॉर्च लावून नळीचा मागचा घशासारखा भाग बघा. हलक्या, 125 ग्रेनच्या जोरदार मॅग्नम गोळ्या खूप झाडल्या असतील तर तिथे खरवडलेलं, भाजलेलं दिसतं, कधी बारीक तडाही. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे दिसलं की खेळ खलास. इथे नळी बदलता येते, त्यामुळे ही भाव पाडायची जागा आहे. फ्रेमच्या वरच्या पट्टीच्या खाली, फटीच्या बरोबर वर, गरम वायूने कापलेली बारीक रेघ दिसली तरी घाबरू नका, ती ठरावीक खोलीपर्यंत जाऊन थांबते.

चापामागे एक छोटा स्क्रू असतो, चाप किती मागे जाईल ते ठरवणारा. कुणी तो जास्त आत पिळला असेल तर घोडा धड सुटत नाही किंवा सुटताना घासतो, आणि विक्रेता ‘ॲक्शन जरा जड आहे’ म्हणून भाव कमी करतो. एका पिळाचं काम असतं. उलट प्रकारही असतो: चाप मऊ करण्यासाठी मेनस्प्रिंग कापलेली, आणि मग दर दहा-वीस गोळ्यांमागे एक काडतूस फुटतच नाही. वूल्फ कंपनीच्या नव्या स्प्रिंगा मिळतात, स्वस्त आहेत, पहिल्याच आठवड्यात घाला.

मुठीबद्दल एक. याच्या मुठीला नेहमीसारखी पुढची-मागची धातूची पट्टी नाही. एक दांडा आहे आणि लाकूड खालून एकाच लांब स्क्रूने त्यावर चढतं. त्यामुळे मुठीचा आकार हवा तसा ठेवता येतो. पण तोच स्क्रू जास्त आवळून लाकूड खालून उभं चिरलेलं असतं. मूठ काढून बघू दे म्हणावं. नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नये.

नळी बदलणं

पाना, त्या मॉडेलचं गेज आणि थोडं तेल, एवढंच सामान. रिव्हॉल्व्हर रिकामं, सिलिंडर बंद. नट डावीकडे फिरवून काढा. खोळ सरळ पुढे ओढा. फ्रेमच्या तोंडाशी एक छोटी पिन असते, ती खोळीला वाकडी होऊ देत नाही, म्हणून पिळून ओढायचं नाही. मग नळी हाताने फिरवून काढा. हाताने निघत नसेल तर आट्यांत शिशाचा किंवा काजळीचा कीट आहे.

फ्रेमचे आटे, नळीचे आटे आणि पिनेची जागा जुन्या टूथब्रशने साफ करा, आट्यांना तेलाचा एक थेंब. नवी नळी हाताने आत फिरवत न्या. सिलिंडर मागे दाबून ठेवा, फटीत गेज धरा आणि गेजला अलगद टेकेपर्यंत नळी आणा. 357 ला कारखान्याचं गेज 0.006 इंचाचं, म्हणजे सहा थाऊ. बरेच जुने वापरणारे चार थाऊवर ठेवतात, अचूकतेसाठी आणि वायू कमी वाया जावा म्हणून. तुमच्या रिव्हॉल्व्हरला किती चालेल हे मघाच्या प्लेवर अवलंबून आहे: फट सहा आणि प्ले चार, तर सिलिंडर पुढे आल्यावर उरतात दोनच थाऊ. त्यात काडतुसांच्या चार पेट्या झाडल्यावर सिलिंडर तापला, तोंडावर काजळी चढली, की फिरायचा बंद होतो. प्ले जास्त असेल तर आधी तो दुरुस्त करा, मग फट कमी करायच्या गोष्टी.

एका खान्यासमोर फट जुळली म्हणजे झालं असं नाही. सिलिंडरचं तोंड क्वचितच शंभर टक्के काटकोनात असतं. घोडा किंचित मागे ओढून सिलिंडर मोकळा करा, सहाही खान्यांसमोर गेज घाला, सगळ्यात घट्ट खाना कोणता ते शोधा आणि त्याच्यावर नळी जुळवा.

आता खोळ चढवा, पिन बसली याची बोटाने खात्री करा, गेज फटीतच राहू द्या आणि नट आवळा. इथेच बहुतेकांची फसगत होते. नट उजवीकडे फिरतो तसा तो नळीलाही सोबत उजवीकडे ओढू बघतो, म्हणजे फट कमी होते. त्याच वेळी ताणामुळे आट्यांतली ढिलाई निघून नळी पुढे खेचली जाते, म्हणजे फट वाढते. शेवटी यातलं कोण जिंकतं ते त्या त्या रिव्हॉल्व्हरवर आहे. म्हणून आवळून झाल्यावर परत सहाही खान्यांना गेज लावायचं. फरक पडला असेल तर सगळं सोडून अर्धा-एक थाऊ आधीच भरून काढायचा. दोन-तीनदा केलं की आपल्या रिव्हॉल्व्हरचा स्वभाव कळतो.

नट किती आवळावा? मूळ पाना मुद्दाम आखूड आहे. त्याने हाताच्या जोरात घट्ट, एवढंच. पाइप चढवून लांब करू नका, लॉकटाइट लावू नका. नट ढिला राहिला तर निशाणावरचा गोळ्यांचा गट अचानक पसरतो आणि खोळ बोटाने किंचित हलते. दर दोन पेट्यांनंतर एकदा तपासून बघायचं.

अडकलेल्या नटाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. भेदक तेल घालून रात्रभर ठेवा. सकाळी पाना लावल्यावर कधीकधी नट सुटत नाही, पण नळीच फ्रेममधून त्याच्यासोबत फिरत बाहेर येते. घाबरायचं कारण नाही, उलट बरंच झालं: फ्रेम वाचली, आता नळी आणि नट बाहेर टेबलावर, नळीच्या अंगाला नीट पकडीत धरून सोडवता येतात. नळी शेवटी सुटा भाग आहे. फ्रेमला पकडीत आवळून जोर लावणं मात्र कधीच नाही.

पुढची साइट खोळीवर असते, नळीवर नाही. म्हणून खोळीची पिन वाकलेली किंवा तिचं भोक मोठं झालेलं असेल तर नळी कितीही सरळ असली तरी गोळ्या एका बाजूला जातात, आणि माणूस मागची साइट फिरवत बसतो. लांबी बदलली की नेम बदलणारच. प्रत्येक नळीमागे मागच्या साइटचे क्लिक किती, ते एका चिठ्ठीवर लिहून त्या खोळीतच ठेवावं. फट तीच ठेवली तर जुनी नळी परत बसवल्यावर नेम जवळपास त्याच जागी येतो.

संच घ्यावा की सुटं?

त्या काळी ‘पिस्तल पॅक’ नावाचा पेटीबंद संच विकला जायचा: रिव्हॉल्व्हर, चार लांब्यांच्या नळ्या-खोळ्या, पाना, गेज, जादा मूठ, आणि सोबत पट्ट्याचं बकल नि कापडी बिल्लाही. संग्राहक बकलासकट पेटीला वेगळे पैसे देतात. नेमबाजी करणाऱ्याने देऊ नयेत. चार किंवा सहा इंची मॉन्सनचं चांगलं 15-2, सोबत मूळ पाना, आणि नंतर 8 इंची एक जड खोळ-नळी, हा सगळ्यात शहाणा सौदा. 12 आणि 15 इंचाला हौस म्हणूनच पैसे मोजायचे, हातात धरून उभं राहिलं की पुढचं टोक खाली ओढतं. 2.5 इंची मात्र पेटीत पडून राहते. मॅग्नमचा धडाका एवढा असतो की दुसऱ्यांदा कुणी मागत नाही. सुटे भाग न्यूमरिच कंपनीकडे मिळतात, ईडब्ल्यूके कंपनीने नव्या नळ्या-खोळ्याही बनवल्या आहेत. पाना नसलेलं रिव्हॉल्व्हर दिसलं तर पान्याची किंमत आणि तो शोधायचा त्रास, दोन्ही कापून भाव सांगा.

अमेरिकेत आलेल्या मराठी वाचकांसाठी कायद्याचं थोडक्यात. ग्रीन कार्ड असेल तर संघराज्याच्या कायद्याने अडचण नाही. एच-1बी, एल-1, एफ-1 सारख्या व्हिसावर असाल तर बंदूक बाळगणंच गुन्हा ठरतं; अपवाद आहेत, त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार-परवाना. विक्रेता 4473 फॉर्मवर हे विचारतो आणि खोटी सही फार महाग पडते. दुसऱ्या राज्यातून घेतलेलं रिव्हॉल्व्हर तुमच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडेच यायला हवं. नळी-खोळ यांना अनुक्रमांक नसतो, संघराज्याच्या कायद्यात ‘बंदूक’ म्हणजे फ्रेम, म्हणून देशांतर्गत ती साधी टपालाने येते. राज्याचे नियम वेगळे बघावे लागतात. आणि सुटीवर घरी जाताना ‘नुसती नळी आहे’ म्हणून बॅगेत टाकू नका. अमेरिकेतून ती बाहेर न्यायला परवाना लागतो आणि भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रातच धरले आहेत. रेंजच्या पिशवीत तळाशी राहिलेलं एखादं काडतूससुद्धा विमानतळावर पोलिसांपर्यंत नेतं, ती पिशवी प्रवासाला वापरूच नये.

वापरात एक सवय ठेवा. .38 स्पेशल यात खुशाल झाडता येते, पण ते काडतूस आखूड असल्याने खान्यात पुढे काजळीचं कडं जमतं. त्यावर .357 घालायला गेलं की पूर्ण बसत नाही, किंवा झाडल्यावर रिकामं काडतूस अडकतं. .38 झाडल्यावर ब्रश फिरवल्याशिवाय मॅग्नम भरायचं नाही.

इतर मॉडेलांपैकी .44 मॅग्नमची 44 आणि 744 वजनाने दणकट आणि म्हणूनच हाताला सुसह्य. सुरुवातीच्या काही 44 सोबत छिद्रांची नळी यायची, तिच्यात शिसं आणि काजळी नळी-खोळीच्या मधे जाऊन बसते आणि खोळ निघता निघत नाही, ती घेताना दुकानातच खोळ काढून दाखवायला सांगा. धातूच्या आकृत्यांवर 200 मीटरपर्यंत नेम धरणाऱ्या सिल्हुएट स्पर्धांसाठी लांब काडतुसाची ‘सुपरमॅग’ मालिका निघाली. रगर कंपनीचं .357 मॅक्सिमम रिव्हॉल्व्हर वायूने पट्टी कापली जाते म्हणून बदनाम झालं, तेव्हा वेसनवाल्यांना निदान नळी मागे-पुढे करून फट परत जुळवता येत होती. काडतुसं स्वतः भरत असाल तरच या वाटेला जा.

मॉडेल 22 हवंसं वाटतं, आणि वाटावंही. पण कडेवर मार द्यायचा म्हणून डबल ॲक्शनला चाप जड आहे, आणि फट 357 पेक्षा बरीच बारीक ठेवायची असते. .22 ची काजळी ओली, चिकट. एक पेटी संपली की सिलिंडरच्या तोंडावर ब्रश फिरवायचा, नाहीतर दुसऱ्या पेटीच्या मध्यावर तो बोटाला जड लागायला लागतो आणि टायमिंग बिघडल्याचा भास होतो.